कुस्तीची प्रो रेसलिंग लीग मधली काही वर्षं बंद का पडली होती? आता ती टिकायची तर काय करावं लागेल?

पैसा कुणाच्या खिशातून येतो, त्यावर सगळं अवलंबून आहे. मी बेळगावजवळच्या गावचा. आमच्या यात्रेच्या कुस्ती मैदानाचं काम करतो, म्हणून तिथूनच बघून सांगतो.

लीग 2015 च्या डिसेंबरात सुरू झाली, सहा संघांची. पहिल्यांदा मुंबई गरुड जिंकली. 2019 च्या चौथ्या हंगामानंतर जी थांबली ती थेट 2026 मध्ये उभी राहिली. मध्ये कोरोना आला, 2023 मध्ये जागतिक कुस्ती संघटनेनं भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं, हे खरंच. पण कबड्डीची लीग 2021 च्या डिसेंबरात परत आलीच की! माझ्या मते कुस्तीच्या लीगमागे तिचं स्वतःचं पब्लिक उभं नव्हतं. 2017 चा अख्खा हंगाम दिल्लीत झाला. सभागृहाला नाव आपल्या खाशाबा जाधवांचं, पण कराड-कोल्हापूर-बेळगावच्या माणसाला ते टीव्हीवरच बघायचं. त्यात प्रत्येक संघाला एक वजनगट बाद करता यायचा. म्हणजे ज्याच्यासाठी टीव्ही लावला, तो पैलवान त्या दिवशी उतरेलच असं नाही.

आता आमच्याकडे बघा. येळ्ळूर, कंग्राळी, बेळगावातला आनंदवाडीचा आखाडा; हंगामात पैलवान या मैदानातून त्या मैदानात फिरत असतात. तीन नंबरच्या जोडीत तालुक्यातला एखादा पोरगा घिस्सा डाव मारून समोरच्याला चितपट करतो. हलगी वाजायला लागते. निवेदक त्याच्या गावाचं, तालमीचं, वस्तादाचं नाव घेतो. पोरगा अंगावरच्या लाल मातीसकट आखाड्याला फेरी मारतो, आणि लोक बसल्या जागेवरून त्याच्या हातात नोटा देतात. कुणी पन्नास, कुणी पाचशे. इनाम वेगळं, हे वेगळं. त्यातून त्याचा बदाम-तुपाचा खुराक काही दिवस तरी निघतो.

आमचंही सगळं बरं चाललंय असं नाही. वर्गणी गोळा करता करता कमिटीचा जीव जातो, आणि तिचा मोठा वाटा एक नंबरच्या कुस्तीला जातो. पंजाब, हरियाणा, कधी इराणचा मल्ल. ती कुस्ती बऱ्याचदा रेंगाळते आणि बरोबरीत सोडवावी लागते. तोवर निम्मं मैदान उठलेलं असतं. लीगनंही मोठ्या नावांवर असाच पैसा ओतला तर तिचीही गत तीच होईल. मधल्या फळीच्या पैलवानाला चांगलं आणि वेळेवर मानधन द्या. तो वर्षभर मैदानं मारतो, त्याला गावं ओळखतात, त्याच्यामागे लोक येतात.

पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (1959) आमच्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. या पट्ट्यात कुस्ती समजणारं पब्लिक तयार आहे. मॅटवरचे गुण मातीवाल्याला पटकन कळत नाहीत, तेव्हा चांगला मराठी-कन्नड निवेदक ठेवा. यात्रांच्या तारखा बघून सामने लावा, म्हणजे आमच्या मैदानांशी टक्कर होणार नाही. वजनगट बाद करायचा प्रकार ठेवू नका. दोन लढती बेळगावला, दोन कोल्हापूरला द्या, आणि आधी संघाचे पैलवान इथल्या तालमींत आठवडाभर सरावाला उतरवा. तिकीट शंभराच्या आत असेल तर चिकोडी-खानापूरची पोरं टेम्पो करून येतील.