निवृत्त कर्नल नागपूर महापालिकेत अपक्ष म्हणून निवडून येऊ शकतात का?

तुमचे वडील कर्नल म्हणून निवृत्त झाले, नागपुरात घर केलं आणि आता कॉलनीतले लोक "साहेब, पुढच्या वेळी नगरसेवकाला उभे राहा" म्हणून मागे लागलेत. अपक्ष लढावं का, आणि फौजेतल्या नावाचा किती उपयोग होतो, असं तुम्ही विचारलंय. मी लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि 2017 च्या निवडणुकीत आमच्या भागातल्या एका अपक्ष कर्नल साहेबांसोबत दारोदार फिरलो. त्यावरून सांगतो: रँकमुळे फाटक उघडतं, खुर्ची मिळते, चहाही येतो. मत मात्र दुसऱ्याच हिशेबाने पडतं.

तो हिशेब आधी समजून घ्या. नागपूर महापालिकेत 151 नगरसेवक आणि 38 प्रभाग आहेत. एक सोडला तर बाकी सगळे प्रभाग चार-चार सदस्यांचे. 2011 च्या जनगणनेची साडेचोवीस लाखांच्या आसपासची लोकसंख्या 38 ने भागा, म्हणजे एका प्रभागात साठ-पासष्ट हजार माणसं येतात. मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची असतात. पक्षाचा कार्यकर्ता सांगतो, "मावशी, चारही ठिकाणी हेच चिन्ह बघा," आणि त्याचं काम झालं. अपक्षाला मात्र समजवावं लागतं की बाकी तीन तुमच्या मनाने द्या, पण 'ड'मध्ये अमुक क्रमांकावरचं हे चिन्ह. एवढं ऐकून घ्यायला सकाळच्या घाईत कोण थांबतं? त्यात चार जागांपैकी निम्म्या महिलांसाठी, काही जाती-प्रवर्गासाठी राखीव. वडिलांना उभं राहता येईल अशी कदाचित एकच जागा उरेल, आणि ती कोणती हे सोडत निघाल्यावर कळतं.

शिवाय अपक्षाला चिन्ह मिळतं अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत 3 तारखेला चिन्हं वाटली आणि 15 ला मतदान झालं. साठ हजारांच्या वस्तीत नवं चिन्ह रुजवायला पुरते दोन आठवडेही नाहीत. 2017 मध्ये 151 पैकी अपक्ष निवडून आला फक्त एक. आमचे साहेब पडले हे वेगळं सांगायला नको. करिअप्पा साहेबांसारखा माणूस, देशाचे पहिले भारतीय लष्करप्रमुख, 1971 मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले तर तेही पडले होते.

माजी सैनिकांची मतं गठ्ठ्याने मिळतील हेही डोक्यातून काढा. नागपुरात फौजी भरपूर. कामठीला गार्ड्सचं सेंटर, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. पण निवृत्तीनंतर ज्याला जिथे प्लॉट परवडला तिथे तो गेला, एका प्रभागात मूठभरच सापडतात. त्यातही बहुतेक जवान, हवालदार, सुभेदार. आम्ही साहेबांना सॅल्यूट मनापासून मारतो, मत कोणाला ते घरी बायको-पोरांसोबत ठरतं.

खरी अडचण स्वभावाची. प्रचारात एका गल्लीत एक आजी साहेबांना म्हणाल्या, "साहेब, गडर लाइन चोक झाली, घाण पाणी अंगणात येऊन राहिलं, काहून कोणी येत नाही?" साहेबांनी खिशातली डायरी काढली, घर क्रमांक लिहिला, दुसऱ्या दिवशी झोन कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घेतली आणि उत्तराची वाट बघत बसले. फौजेच्या हिशेबाने काम चोख. त्याच संध्याकाळी पक्षाच्या उमेदवाराने ज्युनियर इंजिनिअरला फोन लावला, गटार मोकळं करणारी जेटिंग मशीन आली, आणि तो स्वतः चेंबरपाशी चप्पल घालून उभा राहिला. गल्लीने काय लक्षात ठेवलं असेल?

साहेबांची पद्धत चुकीची नव्हती. मला तर तीच बरोबर वाटते. पण नगरसेवकाच्या हातात हुकूम नसतो. अधिकार आयुक्तांचे, अंमलबजावणी अधिकाऱ्यांची. नगरसेवकाने सभागृहात बोलायचं, पाठपुरावा करायचा, गोडीने किंवा भांडून काम काढून घ्यायचं. ज्याने वीस-पंचवीस वर्षं "येस सर" ऐकलं, त्याला कारकुनाच्या टेबलासमोर तिसऱ्यांदा उभं राहणं जड जातं. वडिलांना ते जमेल का, हे तुम्हीच ओळखा.

पुढची निवडणूक वेळेवर झाली तर 2031 मध्ये. (मागची मुदत मार्च 2022 ला संपून जवळपास चार वर्षं प्रशासक होता, तेव्हा 'वेळेवर' जपूनच म्हणतोय.) तोवर दोन-तीन वस्त्यांची कामं हातात घ्या. सिमेंट रस्ता उंच झाला आणि पावसाचं पाणी घरात शिरतं, ही तक्रार तुमच्याही भागात असेलच. एवढं एकच प्रकरण तडीस नेलं तरी नाव होतं.

कागदाचं आजच बघा. नोकरीत असताना नाव सर्व्हिस व्होटर म्हणजे सैनिकांच्या वेगळ्या मतदार यादीत असेल तर निवृत्तीनंतर ते आपोआप साध्या यादीत येत नाही, मतदार नोंदणीचा नमुना 6 भरावा लागतो. घर कामठी छावणीच्या (कॅन्टोन्मेंटच्या) हद्दीत असेल तर महापालिकेचा प्रश्नच मिटला. महापालिकेची थकबाकी ठेवू नका. माजी सैनिकांना 2020 पासून मालमत्ता करात माफीची योजना आहे, पण ती अर्ज करून घ्यावी लागते. पेन्शनची आडकाठी नाही. पोस्टरवर नावापुढे 'कर्नल' आणि शेवटी 'निवृत्त' चालतं. गणवेशातला फोटो मात्र नको. केंद्रीय निवडणूक आयोगाने 2013 आणि 2019 मध्ये पक्षांना सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका असं बजावलं होतं. पालिकेची निवडणूक राज्य आयोग घेतो, तरी फौजेची शान म्हणून पाळावं.

पक्षाकडून लढायला वडील तयार असतील तर चित्र बरंच बदलतं, पण मग प्रभागातल्या पक्षाच्या बाकीच्या तिघांची कर्मंही अंगावर घ्यावी लागतात. ते नको असेल तर स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढता नेमलेला नगरसेवक, हा एक रस्ता आहे. सभागृहात बोलता येतं, मतदान करता येत नाही. ती नावंही पक्षांच्या संख्याबळावरच ठरतात, म्हणजे कोणाच्या तरी दारात जाणं आलंच.