पवनचक्की कंपनी वार्षिक अहवालात गावांवरचा खर्च दाखवते. तो आमच्या वाशी तालुक्यात झाला का, हे कसं कळेल?

नुसत्या एकूण आकड्यावरून कळणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरची मंजूर सीएसआर (कंपनीने समाजासाठी करायची कामं) प्रकल्पांची यादी उघडा आणि त्यात धाराशिव जिल्हा शोधा. कंपनी कायदा 2013, कलम 135 प्रमाणे मागच्या वर्षी 5 कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावीच लागते. मात्र कायदा स्थानिक भागाला फक्त प्राधान्य द्या म्हणतो, तुमच्याच गावाचा हक्क त्यात नाही. यादीत ‘शाळेला पाण्याची टाकी’ दिसली तर शाळेत जाऊन तोटी सोडून बघा, पाणी येत नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या. हे विचारायलाच हवं.