आधी काठी घाला, मग वय विचारा

प्रश्न असा आहे : "बडोद्याच्या जुन्या घरात माळ्यावर पणजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक सापडली. ती खरी जुनी की नक्कल, कसं ओळखायचं? आणि येत्या दसऱ्याला तिचा एक बार काढता येईल का?"

बार काढायचं डोक्यातून काढून टाका. आणि खरी की नक्कल हेही नंतर बघू. आत्ता, या क्षणी, ती भरलेली आहे की रिकामी, हे तुम्हाला माहीत आहे का? आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून एवढं लिहायला बसलो.

आमचं घर ग्वाल्हेरला, लश्कर भागात. दसऱ्याच्या शस्त्रपूजनाला एक तलवार, दोन कट्यारी आणि एक लांब बंदूक पाटावर यायची. थोरले काका गंधफूल वाहून झालं की दरवर्षी तेच सांगायचे, "ही पानिपतावर होती." आम्ही मुलं हात जोडायचो. एरवी ती बैठकीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी असायची, काळ्या ऑइलपेंटने रंगवलेली. दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही ती उतरवून चोर-शिपाई खेळायचो. घोडा ओढायचा, चाप दाबायचा, समोरच्याने मरून पडायचं. एका दिवाळीत मी आणि चुलतभावाने तिच्या कानाशी, म्हणजे आतली दारू पेटवायला नळीच्या बुडाशी जे बारीक भोक असतं तिथे, फुलबाजी धरली होती. खऱ्या बंदुकीसारखा जाळ दिसतो का, ते बघायला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि माझी सहा वर्षांची बहीण नळीच्या तोंडासमोर उभी राहून हसत होती.

पुढे मोठेपणी मला या विषयाची गोडी लागली. कुठेतरी वाचलं होतं की जुन्या घरांत सापडणाऱ्या ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच असतात, कारण एकदा ठासलेला बार काढायचा सोपा उपाय म्हणजे तो उडवणं, आणि तेवढ्यासाठी बंदुकीची दारू कोण वाया घालवणार? म्हणून वीसेक वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी एक वेळूची काठी तासून नळीत सोडली. लोखंडावर लोखंडी गज आपटल्यासारखा खणखणीत आवाज यायला हवा ना, निदान टणक तरी? आला तो मऊ, थप्प असा. नळीच्या तोंडाशी काठीवर खडूची रेघ मारली, काठी बाहेर काढली आणि नळीच्या अंगालगत रेघ तोंडाशी जुळवून धरली. रिकामी असती तर काठीचं टोक कानापर्यंत पोचलं असतं. ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

काका म्हणाले, "कुंभारणीने घर केलं असेल आत." मी म्हटलं, असेल, पण उघडून बघू. परवाना काकांच्या नावावर होता, त्यामुळे रीतसर नोंद करून आम्ही ती एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्या म्हाताऱ्या कारागिराने पितळी सुईने कानातला रंग खरवडला. लोखंडी सुई का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "ठिणगी." रंगाच्या पोपड्यांमागून चिमूटभर काळी भुकटी आली. ती कागदावर घेऊन तो अंगणाच्या पार टोकाला गेला, फरशीवर ठेवली आणि लांब उदबत्तीने शिवली. फस्सकन पांढरा धूर उठला. मग त्याने नळीत पाणी भरून ती रात्रभर तशीच उभी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला पेच लावून आतलं सगळं ओढून काढलं. कापडाचा बोळा, सुपारीएवढी शिशाची गोळी, खाली चिखल झालेली दारू. शोरा, कोळसा आणि गंधक. कोरडी राहिली तर ही दारू दीडशे-दोनशे वर्षांनीही तशीच पेटते. आमची फुलबाजी लागली नाही ती फक्त कान रंगाने बुजला होता म्हणून. हे आठवलं की अजूनही झोप उडते.

म्हणून तुम्ही पहिलं काम हे करा. नळीच्या तोंडासमोर कुणी नाही हे बघून लाकडी काठी घाला आणि मोजा. काठी कमी भरली तर हात लावू नका, घोडा ओढू नका, नळीत वाकून बघू नका. जाणकार माणसाला बोलवा.

आता ओळखण्याचं. तुम्ही फोटो दिलेला नाही, त्यामुळे माझ्याकडे जे आहे ते सांगतो. नक्कल करणारे वरवरची कळा हुबेहूब आणतात, पण स्क्रूत सापडतात. जुन्या बंदुकीचे स्क्रू हाताने केलेले असतात. खाच अरुंद, आटे जरा वेडेवाकडे, आणि एका भोकाचा स्क्रू दुसऱ्या भोकात नीट बसत नाही. सगळे अदलाबदल होत असतील किंवा एखाद्याच्या डोक्यावर एका खाचेऐवजी फुली असेल तर नकलेचा संशय घ्या. रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच नळीत बॅटरीचा उजेड टाका. आत नळीभर सरळ, एकसारखी वेल्डिंगची रेघ दिसली तर तो बहुधा बाजारातला पाइप आहे. गंज सगळीकडे सारखा असेल तर तो बहुधा आम्लाने आणलेला. खऱ्या वापरलेल्या बंदुकीचा कान रुंदावलेला असतो, त्याच्याभोवती खड्डे पडलेले असतात आणि तिथलं लाकूड काळवंडलेलं असतं. दिखाऊ मालाला कितीतरी वेळा कानच पाडलेला नसतो. मुकुट आणि 'टॉवर' (लंडनच्या टॉवरमधल्या इंग्रजी शस्त्रागाराचा ठसा) एवढ्यावर भाळू नका, तो शोभेच्या मालावर सर्रास मारतात. आणि तोडेदार, म्हणजे पेटत्या वातीने (तोड्याने) उडवायची बंदूक म्हणजे शिवकालीनच, असंही नाही. आपल्याकडे तोड्याच्या बंदुका १८५७ पर्यंत आणि नंतरही हातात होत्या.

आता माझी दुखरी जागा. कारागिराने कानाजवळचा रंग काढला तेव्हा चापाच्या पट्टीवर, म्हणजे घोडा जिच्यावर बसवलेला असतो त्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर, काहीतरी उमटलेलं दिसलं. घरी येऊन मी खोबरेल तेलाचा बोळा फिरवत दोन संध्याकाळी तेवढाच भाग साफ केला. मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह निघाला. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का. चापाच्या पट्टीवर तो १८०८ पासून येतो. त्याआधी कंपनी चार कप्प्यांचा, हृदयाच्या आकाराचा शिक्का मारत असे. नळी ३९ इंच, तोंड पाऊण इंचाचं, सगळं कंपनीच्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुकीशी जुळणारं. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. तिथे इब्राहिमखानाच्या गारद्यांकडे बंदुका होत्याच, पण ही त्यातली नव्हे.

काकांना हे सांगितलं तर ते उठून आत गेले. "कंपनीची बंदूक आपल्या देवासमोर?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, काका, शिंदे आणि कंपनीच्या १८४४ च्या तहानंतर ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची फौज उभी राहिली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली. १४ जून १८५७ ला तीच मोरारच्या छावणीत उलटली आणि पुढे तात्या टोप्यांबरोबर कानपूरला लढली. आपल्याकडे कंपनीची बंदूक आहे यात लाज कसली? उलट ती कुणीतरी कंपनीच्या हातातून काढून घेतली असेल. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या दसऱ्याच्या आधी एका भांड्याच्या दुकानात नेऊन त्यांनी तिला बफ मारून आणली. चांदीसारखी चकचकीत. सिंहाचे फक्त मागचे पाय उरले.

मी आधीच कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला होता. तो माझ्याकडे अजून आहे, मुकुटासकट. काका म्हणतात, कागदावर काय कुणीही काढेल. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, पॉलिश नाही, रेतीकागद नाही, बफ तर मुळीच नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ठसे उतरवून घ्या, मग घरातल्या मोठ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

उडवण्याबद्दल. जुनी नळी तापवून, ठोकून सांधलेल्या लोखंडाची असते. आतून गंजाने किती खाल्ली आहे आणि बुडाचे आटे शिल्लक आहेत की नाहीत, हे बाहेरून कळत नाही. त्यात कुणी आजच्या काडतुसातली धूर न करणारी दारू भरली तर तिचा दाब अशा नळीला झेपत नाही आणि ती बुडाशी, उडवणाऱ्याच्या चेहऱ्याजवळच फुटू शकते. ठासणीची नेमबाजी हा मोठा छंद आहे, मला त्याचं प्रेम आहे, पण ती चाचणी करून शिक्का मारलेल्या नव्या बंदुकीने करतात. इटलीत गार्दोने भागात अशा बंदुका बनतात, त्यांवर 'ब्लॅक पावडर ओन्ली' असं कोरलेलं असतं. त्या नक्कल असल्या तरी खोट्या नाहीत. मोजलेली दारू मापातून घालायची, दारू ठेवायच्या शिंगड्यातून थेट नळीत कधीच नाही, कारण आत निखारा उरलेला असू शकतो. चाप दाबूनही बार लगेच उडाला नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबायचं. आणि त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायची, नाहीतर दारूची राख हवेतलं पाणी ओढून नळी खाते.

हे आधी सांगायला हवं होतं : परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या बंदुकांना सूट देतं, पण फक्त अशांना ज्या दुरुस्त करूनही उडणार नाहीत. ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं. शस्त्र परवान्याच्या कचेरीत (बडोद्यासारख्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र कलेक्टर कचेरीत) अर्ज द्या. आणि शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवता येणार नाही.

तर आज काठी घाला, आणि ती किती बोटं कमी भरली ते इथे लिहा. मी वाट बघतोय.