परसबागेतले पिवळे टोमॅटो : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांत पिवळ्या टोमॅटोची रोपे लावली आहेत. फळे भरपूर धरतात, पण तोडून खाल्ली की कधी करकरीत कच्ची, कधी पिठूळ लागतात. तोडायची नेमकी वेळ कशी ओळखायची? – एक वाचक, कराड

लाल टोमॅटो रंगावरून कळतो, पिवळा नुसत्या रंगावर कळत नाही, म्हणून घाई होते. हिरवे फळ आधी पांढरट पोपटी होते, मग लिंबासारखे पिवळे. बहुतेक जण इथेच तोडतात आणि आंबट, कच्चट फळ पदरी पडते. अजून दोन-चार दिवस थांबा. पिवळा रंग गडद होऊन सोनेरी झाक येते आणि देठाजवळचे हिरवट वलय पूर्ण जाते. आता फळ तळहातावर घेऊन अंगठ्याने हलकेच दाबा. साल किंचित दबली पाहिजे, खड्डा पडता कामा नये. शेवटची खूण देठाची. देठावर एक गाठ असते, तिथे अंगठा टेकवून फळ वर उचलले की पिकलेले फळ अलगद सुटते. ओढावे लागले तर ते तयार नाही.

त्यापुढे फळ झाडावर राहिले की गर पिठूळ होतो. चेरी जातीत तर कुंडी वाळू देऊन मग एकदम भरपूर पाणी घातले की साल तडकते. तोडणी सकाळी करा. पिकलेली फळे टोपलीत देठाची बाजू खाली ठेवून सावलीत पसरा. फ्रिजमध्ये फार दिवस ठेवू नका, थंडीने वास आणि चव दोन्ही जातात.

प्रश्न : बी लाल जातीचे होते, पण एप्रिलमध्ये आलेली फळे पिवळी-केशरीच राहिली. बियाण्यात भेसळ असेल का? – एक वाचक, मिरज

दोष बहुधा उन्हाचा आहे. टोमॅटोला लाल करणारे लायकोपिन साधारण 30 अंशांच्या वर नीट तयार होत नाही. पिवळसर-केशरी रंग देणारे कॅरोटीन मात्र होत राहते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, मग लाल रंग यायचा कुठून? फळाने रंग धरायला सुरुवात केली की ते तोडून घरात गार, हवेशीर जागी पिकवा, लाली येईल. बियाणे तपासायचे असेल तर त्याच झाडाची थंडीतली फळे आठवा. जात खरीच पिवळी असेल तर तिच्यात लायकोपिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे ती डिसेंबरातही पिवळीच राहते. भर उन्हात झाडांवर शेडनेट बांधा आणि पुढच्या खेपेला बी सप्टेंबरात टाका.

प्रश्न : फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. चुना घालू का? – एक वाचक, विटा

घालू नका. हा डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्याने पडतो आणि ते पोहोचते पाण्याबरोबर. तुमच्याकडची जमीन बहुतेक ठिकाणी चुनखडीचीच, तिथे आणखी चुना टाकून उपयोग नाही. पाण्याचे वेळापत्रक सुधारा: चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी तुडुंब, असे नको. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्या, ओल टिकते. युरियाचा हात आवरा, नुसता पाला माजतो आणि डाग वाढतो. डागाळलेली फळे काढून टाका, ती सुधारत नाहीत.

प्रश्न : पिवळ्या टोमॅटोचे सार गुळचट होते आणि नारळाचे दूध फाटते. – एक वाचक, वाई

लाल टोमॅटोचे प्रमाण इथे चालत नाही. पिवळा मुळात सौम्य, त्यात नेहमीचा गूळ पडला की सार गुळचट होणारच. अर्धा किलो फळांना बुडाशी फुलीची चीर देऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवा, साल काढा, मिक्सरमधून फिरवून गाळून घ्या. स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे तुपावर जिरे, हिंग, कढीपत्ता आणि दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या घाला. कांदा-लसूण मसाला किंवा लाल तिखट नको, सोन्यासारखा रंग मळतो. हळदही चिमूटभरच. रस आणि दीड वाटी पाणी घालून मीठ टाका, पाच मिनिटे उकळा.

दूध फाटते ते आंबट रसात उकळल्यामुळे. एक वाटी दाट दुधात चमचाभर तांदळाची पिठी कालवून ठेवा. गॅस मंद करून दूध हळूहळू ओता, सतत ढवळा, कडेला बुडबुडे दिसले की बंद करा. आता चव बघा. आंबटपणा कमी वाटला तर पानात वाढताना लिंबू पिळा. गूळ लागलाच तर सुपारीएवढा. हे सार पुन्हा गरम करतानाही उकळी येऊ देऊ नका.

प्रश्न : घरचे बी धरता येईल का? – एक वाचक, तासगाव

पाकिटावर संकरित लिहिले असेल तर नाही, पुढची रोपे वेगवेगळी निघतात. सरळ वाण असेल तर निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ कापून बिया रसासकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवा. बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटला की धुऊन घ्या, तरंगणाऱ्या बिया फेकून द्या. बाकीच्या ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर पसरल्या तर चिकटून बसतात.