निरभ्र आभाळाखाली चढणारे पाणी

प्रश्न : जूनअखेरीस आम्ही सहा मित्र हिमाचलातील हामटा खिंडीच्या पदभ्रमणाला गेलो होतो. खिंड उतरून दुपारी तीनला शिआ गोरूच्या तळावर पोहोचलो. आभाळ निरभ्र होते आणि चार दिवसांत पावसाचा थेंबही पडला नव्हता; तरीही वाटाड्याने नाला ओलांडण्यास साफ नकार दिला आणि पहाटेपर्यंत थांबायला लावले. आम्ही पंधरा वर्षे सह्याद्रीतले ओढे ओलांडत आलो आहोत. ही खबरदारी अनाठायी नव्हती का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नव्हती. वाटाड्याने तुमचे प्राण जपले, असेच मी म्हणेन. सह्याद्रीत आपण ओढ्याचा अंदाज आभाळाकडे पाहून घेतो : घाटमाथ्यावर ढग दाटले की थांबायचे, आणि पाऊस ओसरून दोन-चार तासांत पाणी उतरले की पलीकडे जायचे. हिमालयात मात्र हिवाळ्यातला बर्फ वितळण्याच्या दिवसांत पूर येतो तो उन्हाने. म्हणून मे-जूनमध्ये निरभ्र आभाळ आणि कडक ऊन हीच तेथे पाणी चढण्याची खूण समजावी.

एक ग्रॅम बर्फाचे पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते आणि रात्री गोठून कडक झालेला थर त्याआधी शून्य अंशापर्यंत यावा लागतो, त्यामुळे सकाळचे ऊन पडल्या पडल्या नाला फुगत नाही. दुपारच्या सुमारास वरचा थर पाणी सोडू लागतो, ते खालच्या थरांतून झिरपत नाल्याला मिळते आणि दुपारनंतर संध्याकाळपर्यंत नाला सर्वाधिक भरलेला असतो. रात्रीच्या थंडीने वितळणे थांबले की पहाटे तो सर्वांत उतरलेला असतो. तरीही पहाटेचा हा नियम डोळे मिटून पाळू नये. तळ बर्फापासून बराच खाली असेल, तर दुपारचे पाणी तेथे पोहोचेपर्यंत रात्र होते. आणि रात्रभर आभाळ झाकोळलेले राहिले, तर वरचा थर नीट गोठतच नाही व सकाळीही पाणी फारसे ओसरत नाही.

याच तळावर मी एकदा संध्याकाळी पाण्याच्या कडेला वीतभर उंचीचा एक दगड खूण म्हणून ठेवला होता. तासाभरात तो दिसेनासा झाला. राखाडी, गढूळ पाण्यात तळ दिसत नव्हता आणि आत धोंडे एकमेकांवर आपटत असल्याचा घुमणारा आवाज येत होता, तो काठावर उभे असताना तळपायांनाही जाणवत होता. पहाटे साडेपाचला पाहिले, तर तोच दगड पाण्यापासून दोन हात दूर होता आणि त्याच्यावर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरला होता. आम्ही ओलांडले तेव्हा पाणी पोटरीच्या वर आले नाही. प्रत्येक गटाने मुक्कामाला पोहोचताच असा एक दगड ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे मांडीपर्यंतच्या वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचेही पाय सुटतात. शिवाय नुकत्याच वितळलेल्या पाण्यात काही मिनिटांतच पाय बधिर होतात आणि दगड चाचपता येत नाही. म्हणून अनवाणी उतरू नये. नाला जेथे फाटे फुटून पसरलेला असतो तेथे तो उथळ मिळतो. अरुंद जागा सोपी वाटते, पण पाणी तेथेच खोल आणि जोराचे असते. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडून ठेवावा. दोरी अंगाला बांधून कधीही उतरू नये, कारण माणूस घसरला की तीच दोरी त्याला पाण्याखाली दाबून धरते.

प्रश्न : बर्फ वितळताना वाटा चिखलाने भरून जातात. अशा वेळी कडेच्या गवतावरून चालले तर चालते का? आणि नाल्यावरच्या बर्फाच्या पुलांवर किती भरवसा ठेवावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बूट चिखलाने माखले तरी वाटेच्या मधूनच चालावे. एवढ्या उंचीवर गवताला वाढायला वर्षातले मोजके आठवडे मिळतात आणि नेमके त्याच दिवसांत जमीन भिजून मऊ झालेली असते. कडेने चालणाऱ्यांमुळे एका वाटेच्या तीन वाटा होतात, वितळलेले पाणी त्या चाकोऱ्यांतून वाहू लागते आणि पुढे त्यांच्या घळी होतात. उतारावरचे हे नुकसान मला फार अस्वस्थ करते, कारण ते आपल्याच पायांनी होते.

बर्फाचा पूल खालच्या पाण्याने आतून पोखरला जातो, वरून मात्र तो भरीव दिसतो. मधोमध खोलगट झालेला, काळपट चिरा गेलेला किंवा ज्याखाली पाण्याचा आवाज स्पष्ट येतो असा पूल टाळावाच. बाकीच्यांवरूनही वाटाड्याने काठीने ठोकून पाहिल्यावर, सकाळी बर्फ कडक असताना, एकेकानेच जावे.

प्रश्न : मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन मनालीला जात आहोत. बियास नदीच्या काठच्या दगडांवर बसणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या नदीत वितळत्या बर्फाबरोबर धरणांतून सोडलेले पाणीही येते, आणि ते कोणत्याही वेळी येऊ शकते. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ सहलीला आलेले हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी पात्रातल्या दगडांवर उभे होते. लारजी धरणातून सोडलेले पाणी अचानक चढले आणि त्यांच्यातले २४ जण वाहून गेले. मुलांना पात्रात उतरू देऊ नका, पाणी कितीही कमी दिसले तरी नको. फोटो पुलावरून काढा.