४३२ हर्ट्झ किंवा बायनॉरल बीट्सचे संगीत ऐकल्याने चिंता खरोखर कमी होते का?

संध्याकाळी चर्चगेटहून विरारला परतताना ‘४३२ हर्ट्झ’ (किंचित खालच्या स्वरात उतरवलेले) आणि ‘बायनॉरल बीट्स’ (दोन कानांत किंचित वेगळे स्वर सोडणारे) या नावांनी मिळणारे संगीत ऐकले तर मनाची घालमेल कमी होईल का, आणि त्यासाठी ॲपचे वार्षिक शुल्क भरावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो आणि आवाजात हे बदल कसे केले जातात हे रोज पाहतो, म्हणून स्पष्टच सांगतो: शुल्क भरू नका. संगीताने आराम मिळतो, पण त्याचे श्रेय बहुतेक वेळा त्या खास बदलाला जात नाही.

पाश्चात्त्य वाद्ये ४४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या, ‘ए’ स्वरावर जुळवण्याचा संकेत विसाव्या शतकात रूढ झाला. तो स्वर ४३२ वर आणला की गाणे अर्ध्या स्वराच्या जेमतेम एक तृतीयांश इतके खाली उतरते. आपल्याकडे तर षड्ज, म्हणजे ‘सा’, कधी एका आकड्याला बांधलेलाच नव्हता. कोणी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, गातो, कोणी काळी चारमध्ये, आणि दादर-पार्ल्याच्या मैफलींत श्रोते दोन्हींत सारखेच रमतात. गुण त्या आकड्यात असता तर पट्टी बदलताच राग निष्प्रभ झाला असता.

बायनॉरल बीट्सचा विचार मात्र गांभीर्याने करायला हवा. एका कानात २०० आणि दुसऱ्या कानात २१० हर्ट्झचा स्वर सोडला, तर सेकंदाला १० वेळा लहरणारा आवाज ऐकू येतो. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असताना येणारी लहर हवेतच असते. बायनॉरल बीटची लहर मात्र हवेत नसते, ती दोन्ही कानांचे संदेश जिथे एकत्र येतात त्या मेंदूच्या तळाच्या भागात तयार होते. २००५ मध्ये ‘ॲनेस्थेशिया’ या नियतकालिकात शस्त्रक्रियेपूर्वीच्या १०८ रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बीट्स मिसळलेले ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांची चिंता सरासरी २६.३ टक्क्यांनी घटली, तेच ध्वनिमुद्रण बीट्सविना ऐकणाऱ्यांची ११.१ टक्क्यांनी, आणि काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्क्यांनी. हा निष्कर्ष आशादायक आहे, पण तो शस्त्रक्रियेआधीच्या काही मिनिटांचा आहे, महिनोन्महिने साचलेल्या काळजीचा नाही. शिवाय मेंदूच्या विद्युत्‌लहरी या बीट्सशी जुळतात, या जाहिरातींतल्या मुख्य दाव्याचा २०२३ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा १४ पैकी ५ अभ्यास दाव्याच्या बाजूने, ८ विरुद्ध आणि १ संमिश्र निघाला.

त्यातही तुम्ही लोकलमध्ये, पुढच्या स्थानकाची घोषणा ऐकू यावी म्हणून, एकाच कानात इअरफोन ठेवत असाल, तर बायनॉरल बीट तयारच होत नाही.

मला अधिक भरवशाची वाटते ती लय. इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २४ जणांना निरनिराळ्या शैलींचे संगीत ऐकवले. त्यांत भारतीय रागसंगीतही होते. द्रुत लयीत श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले, आणि शैली किंवा आवडीपेक्षा लयीचा परिणाम ठळक दिसला. विशेष म्हणजे मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत हे तिन्ही आकडे सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. म्हणूनच गाणे संथ करून ऐकण्याच्या सध्याच्या प्रथेला मी या सगळ्या बदलांत थोडे अधिक महत्त्व देतो, कारण त्यात निदान लय तरी खरोखर बदलते. विलंबित आलापात ती आधीपासूनच संथ असते, हेही लक्षात घ्या.

तेव्हा ऐकायचेच असेल तर घरी पोहोचल्यावर, ओळखीचे आणि संथ असे काही लहान आवाजात ऐका आणि ते संपल्यावर लगेच दुसरे लावू नका. डब्यातल्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेणे धोक्याचे आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात.

तुम्ही झोप उडाल्याचेही लिहिले आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. हे काही आठवडे चालू असेल तर केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा, किंवा १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेशी बोला. तिथे मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.