सिंधूसाठी कोण बोलणार?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : नववीच्या वर्गाला राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातल्या सिंधूवर श्रद्धांजलीचं भाषण लिहायला दिलं. ३८ वह्या आल्या आणि सगळ्या सारख्याच : ‘सिंधू प्रेमळ, सोशिक, पतिव्रता होती. तिच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ मुलांनी नाटक वाचलं आहे, काहींनी गावच्या जत्रेत पाहिलंही आहे. मग चुकतं कुठे?
— एक शिक्षिका, सत्तरी (गोवा)

उत्तर : ‘सिंधूवर लिहा’ म्हटलं की मुलं स्वभावचित्रणाचं उत्तर लिहितात, कारण परीक्षेत तेच विचारलं जातं. पण शोकसभेत जो उठून उभा राहतो तो मेलेल्या माणसाचा कोणीतरी असतो. भाऊ, नणंद, शेजारीण, मित्र. म्हणून वहीत पहिली ओळ लिहायच्या आधी प्रत्येक मुलाने दोन गोष्टी ठरवाव्यात : मी कोण, आणि माझ्यासमोर कोण बसलं आहे.

सिंधूचा नवरा सुधाकर हा वकील, तो दारूच्या आहारी जातो आणि त्याच्याच हातून सिंधू मरते. या नाटकात बोलणारे भरपूर आहेत. पद्माकर हा सिंधूचा भाऊ, त्याच्या दुःखात राग मिसळलेला असणार. शरद ही सुधाकरची विधवा बहीण. भावजय गेली आणि ती आपल्याच भावामुळे गेली, हे तिला एकाच श्वासात पेलायचं आहे. रामलाल हा सुधाकरचा जुना मित्र. गीता ही सुधाकरचा कारकून तळीराम याची बायको, दारूने नासलेला संसार तिनेही भोगलेला. चौघांची चार भाषणं एकमेकांसारखी होऊच शकत नाहीत. वर्गाचे चार गट करून एकेका गटाला एकेक पात्र द्या, सारखेपणा तिथेच निम्म्याने कमी होईल.

बोलणारा ठरला की संबोधन आपोआप ठरतं. कारकुनाची बायको असलेली गीता वकिलाच्या बायकोला नुसतं ‘सिंधू’ म्हणणार नाही. पद्माकर म्हणेल. बोलणारा ठरला की त्याला ठाऊक काय, याचीही हद्द पडते. गीता बनलेली मुलगी जर गीता हजर नव्हती अशा प्रवेशातला संवाद सांगू लागली, तर ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं : हिला कसं कळलं? ही चूक फार होते. ती टाळायला प्रत्येक आठवणीपुढे अंक आणि प्रवेश लिहून घ्या, आणि त्या वेळी आपलं पात्र रंगमंचावर होतं का ते मुलांना तपासू द्या. नसेल तर ‘मला नंतर कळलं’ असं म्हणून ती सांगता येते.

साहित्य गोळा करायला एक पूर्ण तास द्या. पानावर तीन रकाने आखायचे : तिने काय केलं, ती काय म्हणाली, इतर तिच्याविषयी काय म्हणाले. तीनही मिळून दहा नोंदी. त्यातल्या सात खोडायच्या. उरलेल्या तिनांतली एकच पूर्ण फुलवायची, दोन ओझरत्या येऊ द्यायच्या. खोडताना मुलं कुरकुरतात, पण भाषण घडतं ते इथेच.

तीन मिनिटांच्या भाषणाला ३०० शब्द पुरतात, कारण शोकाचं बोलणं मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे नेलं की धावतं. आम्ही वाटणी साधारण अशी करतो : मी कोण आणि आमचं नातं काय, ४० शब्द. एक प्रसंग, १३० शब्द. तिची एखादी रोजची सवय किंवा वस्तू, ५० शब्द. जे बोलायला अवघड आहे ते, ४५ शब्द. निरोप, ३५ शब्द. मुलं ही वाटणी हमखास उलटी करतात. ओळख शंभर शब्दांची आणि प्रसंग दोन ओळींचा. प्रसंग लहान पडला की मागे विशेषणंच उरतात.

नमुन्यासाठी गीतेच्या तोंडचा एक तुकडा :

‘पहाटे जात्याची घरघर ऐकू आली की मी दारातच थांबायचे. श्रीमंत माहेरची लेक लोकांचं दळण दळते आहे, हे बघायचा मला धीर व्हायचा नाही. मग घरघर थांबायची आणि आतून हाक यायची. ये गं गीता, बाहेर का उभी?’

यात ‘सोशिक’ हा शब्द एकदाही नाही. जातं नाटकातलं आहे, दारात थांबणं मात्र आपण घातलेलं. एवढी मोकळीक द्यावी. मूळ कथेला धक्का लागत नाही ना, एवढंच बघावं.

काही शब्दप्रयोगांवर सरळ बंदी घाला. फळ्यावर लिहून ठेवा : काळाने घाला घातला, न भरून येणारी पोकळी, मनमिळाऊ स्वभाव, आत्म्यास चिरशांती लाभो. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती मुलं रोज पाहतात, हे शब्द तिथून येतात. छापील जाहिरातीत जागा थोडी म्हणून ते चालून जातात. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकताना ते कुणाहीबद्दल म्हणता येतील असे वाटतात.

व्याकरणाची एक गोष्ट गोव्याच्या वर्गात मुद्दाम शिकवायला हवी. ‘तिने दळलं’, ‘ती दळत होती’ आणि ‘ती दळायची’ यांत आठवणीची क्रिया तिसरी. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाचं ‘ती दळटाली’ या एकाच रूपात काम भागतं, म्हणून मराठीत उतरवताना ते सगळीकडे ‘दळत होती’ लिहितं, आणि रोजची गोष्ट एका दिवसापुरती होऊन बसते. तसंच तरुण मुलीला कोंकणीत ‘तें’ म्हणायची सवय मराठी वाक्यात शिरते आणि सिंधू मध्येच नपुंसकलिंगी होते. या दोन जागा मुलांनी एकमेकांच्या वहीत लाल पेन्सिलीने शोधाव्यात.

शेवटचं : काही वह्यांत सिंधू बाजूला राहून गडकऱ्यांवर परिच्छेद येतो. नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, त्याच्या काही आठवडे आधीच गडकरी गेले, बालगंधर्वांनी सिंधू केली, हे सगळं खरं आणि वर्गात सांगण्याजोगं. पण सिंधूच्या शोकसभेला बसलेल्या माणसांना गडकरी ठाऊक नाहीत. तिथे ती बाई खरी आहे.

प्रश्न : माझी मुलगी वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवते. श्रद्धांजलीचं भाषणही तिने पाठ करून सुंदर म्हटलं, पण शिक्षक म्हणाले, ‘खोटं वाटलं.’ असं का?
— एक पालक, पेडणे

उत्तर : बहुधा तिच्या स्पर्धेच्या तयारीमुळेच. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग’ अशी सुरुवात, वाक्याच्या शेवटी चढणारा आवाज, ठरलेल्या शब्दावर उचललेला हात. ही सगळी जिंकण्यासाठी केलेली तयारी. शोकसभेत कुणाला जिंकायचं नसतं. तिला पहिलं वाक्य घरात बोलतो तसं, बसून, तुमच्याकडे बघत म्हणायला सांगा. तोच सूर उभं राहिल्यावर टिकवायचा.

पाठांतर टाळावं. पाठ केलेलं मध्येच तुटलं की मूल पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतं. कागद हातात असायला काहीच हरकत नाही, खऱ्या शोकसभेतही असतो. अर्ध्या आकाराचे जाड कागद घ्यावेत, एकाच बाजूला, ओळ सोडून, मोठ्या अक्षरांत लिहावं आणि प्रत्येकावर क्रमांक घालावा. थांबायचं तिथे उभी रेघ, लांब थांबायचं तिथे दोन. नजर वाक्याच्या शेवटी वर न्यायची. मधेच नेली तर परतताना ओळ सापडत नाही.

सराव तीनदा, मोठ्याने. एकदा बसून मोबाइलवर वेळ लावून, एकदा उभं राहून, एकदा एका माणसासमोर. ३०० शब्द दोन मिनिटांत संपले तर वेग जास्त आहे. तेव्हा शब्द वाढवू नयेत, थांबे वाढवावेत.

गळा दाटला तर? घाबरून पटापट श्वास आत ओढला की गळा आणखी आवळतो. थांबावं, श्वास सावकाश बाहेर सोडावा आणि शेवटचं वाक्य पुन्हा म्हणावं. ऐकणारे थांबतात. मुद्दाम हुंदका आणायला मात्र कुणीही शिकवू नये, आणि मागे बासरीची ध्वनिफीतही लावू नये.

प्रश्न : मला सुधाकरवर बोलायचं आहे. ज्याने बायकोचा आणि तान्ह्या मुलाचा जीव घेतला, त्याच्याविषयी चांगलं काय सांगू?
— अकरावीचा विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : रामलाल होऊन बोल. मित्राला बाजूही घ्यायची नसते आणि खटलाही चालवायचा नसतो. जे घडलं ते एकदाच, साध्या वाक्यात सांग : ‘त्याच्या हातून सिंधू गेली, मूल गेलं.’ ते टाळून पुढे गेलास तर समोर बसलेला पद्माकर उठून जाईल. मग प्याल्याआधीच्या माणसाकडे जा. वकिलीची सनद गेल्याची मानहानी, तळीरामाच्या हातचा पहिला प्याला, आणि तेव्हा रामलालला काय करता आलं असतं. भाषणाचा जीव या शेवटच्या प्रश्नात आहे. सुधाकरने विष घेतलं, तिथे ‘मुक्त झाला’, ‘सुटला’ असे शब्द वापरू नकोस. मरण हा त्याच्या प्रश्नावरचा उपाय होता असं तुझ्या वर्गातल्या कुणालाही वाटता कामा नये.

प्रश्न : वर्गातल्या एका मुलाची आई चार महिन्यांपूर्वी गेली. हा उपक्रम घ्यावा का?
— एक शिक्षक, मडगाव

उत्तर : घ्यावा, पण आठवडाभर आधी वर्गाला सांगून, आणि सगळ्यांनाच दुसरा पर्याय देऊन : एखादं पात्र गाव सोडून जात आहे, त्याच्या निरोपाचं भाषण. पर्याय फक्त त्या मुलाला दिला तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. कुणी काय निवडलं याचं कारण विचारू नका. मरण पावलेल्या आईचं पात्र या वर्षी टाळा. ‘श्यामची आई’ तर या उपक्रमात नकोच. ती साने गुरुजींच्या स्वतःच्या आईवरून आली आहे, तिला काल्पनिक म्हणून हाताळणं बरोबर नाही.

वर्गात हार घातलेला फोटो, समई, उदबत्ती ठेवू नका. नुकतं दुःख झालेल्या मुलाला ते थेट घरी नेतं. शिवाय तुमच्या वर्गात ख्रिस्ती आणि मुसलमान मुलंही असतील. ख्रिस्ती मुलांनी चर्चमध्ये अंत्यविधीच्या वेळी घरच्या माणसाने केलेलं छोटं भाषण ऐकलेलं असतं. त्यांना त्याबद्दल विचारा, आधी त्यांची तयारी असेल तरच.

प्रश्न : ३८ मुलांना ऐकायला वेळ कुठून आणायचा? गुण कसे द्यायचे?
— पुन्हा सत्तरीच्या शिक्षिका

उत्तर : प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे ११४ मिनिटं, उठबस धरून चार तासिका. त्या सलग घेऊ नका, आठवड्याला एक पुरे. एका दिवशी दहापेक्षा जास्त शोकभाषणं कुणालाच ऐकवत नाहीत. वीस गुणांत नातं आणि संबोधनाला ४, नाटकातल्या प्रसंगाला ६, भाषेला ४, बोलण्याला ६. रडण्याला गुण नाहीत. आणि वर्गावर पत्र्याचं छप्पर असेल तर जुलै टाळा. पावसाच्या आवाजात मुलं ओरडून बोलतात, आणि ओरडून निरोप देता येत नाही.